बाबासोच्या वाट्याची मिरची

मसाला मार्केटात हळदीचं पोतं एकट्याने पाठीवर घेता येत नाही. हे ज्याला माहीत नाही त्याला पुढचं कळायचं नाही, म्हणून आधीच सांगते. पोतं जमिनीवर असतं. दोघांनी दोन बाजूंचे कोपरे धरून ते वर उचलायचं आणि तिसऱ्याने वाकून पाठ द्यायची. ह्याला आमच्याकडे हात देणं म्हणतात. आज मी तुला दिला, मग तू मला, असं दिवसभर चालतं. त्यामुळे टोळीतून कुणाला घालवायचं असेल तर भांडणाची गरज नसते. हात देणं थांबवलं की झालं. माणूस पोत्यापाशी वाकून उभा राहतो आणि त्याची पाठ रिकामी ती रिकामीच.

मिरचीची बोरी तेवढी वेगळी. ती दिसायला म्हशीएवढी पण वजनाला हलकी. थप्पीवरून ओढून, पाठ लावून, दणकट गडी एकटा ती घेऊ शकतो.

मी तिथेच, तुर्भ्याला, एका गाळ्यात मिरचीचे देठ खुडायला बसत होते. आम्ही पाच-सहा बायका तरटावर पाय पसरून, नाकातोंडाला पदर बांधून बसायचो. समोर सर्जेराव मुकादमाची टोळी काम करायची. सगळे साताऱ्याकडचे, माझ्याच भागातले, म्हणून मी सगळ्यांची राही आत्या. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची बायको रुसून माहेरी गेली आहे, हे देठ खुडता खुडता आपोआप कळतं. हात गुंतलेले असले तरी डोळे मोकळे असतात. मिरचीने ते जरा लाल असतात, इतकंच.

अठ्ठ्याण्णव साली मिरचीचा सिझन भरात होता तेव्हा टोळीतल्या एकाच्या पायावर थप्पी कोसळली. ऑपरेशनला रक्त लागणार होतं. सगळी टोळी रक्त द्यायला गेली आणि सगळ्यांत पुढे बाबासो. बाबासो म्हणजे टोळीतला सगळ्यांत उंच गडी. पोतं पाठीवर असतानाही शीळ घालणारा. आम्हाला मान वर न करता कळायचं की बाबासो आला.

काही दिवसांनी रक्तपेढीतून त्याला परत बोलावणं आलं. वेगळ्या खोलीत बसवून सांगितलं की तुमच्या रक्तात एचआयव्ही आहे. पुन्हा तपासलं, तरी तेच निघालं.

दुसरा असता तर गप्प राहिला असता. बाबासोने येऊन मुकादमाला सांगितलं. "उद्या परत कुणाला रगात लागलं आन मी न्हाई म्हनलो, तर भित्रा म्हनशिला मला," म्हणाला.

मुकादमाने गळ्याला हात लावून शपथ घेतली की ह्या कानाचं त्या कानाला कळणार नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या गाळ्याला कळलं.

त्या दिवशी टोळी जेवायला गोल करून बसली, तो गोल कसा कोण जाणे सरकत सरकत गेला आणि बाबासो बाहेर राहिला. त्याने भाकरी हातावर घेतली आणि थप्पीला टेकून खाल्ली. पाण्याचा माठ सगळ्यांचा एक, पेला एक. बाबासो प्यायला आणि त्यानंतर सगळ्यांची तहानच गेली.

सुभाष नावाचा एक होता टोळीत. अंगाने लहान, आवाजाने मोठा. तो म्हणाला, "मुकादम, त्याचा घाम पोत्याला लागतो. तेच पोतं माझ्या पाठीवर येतं. म्हंजी मी बी गेलो. माझी पोरं बी गेली."

"पोरांनी काय पोती उचलली काय रं?" मी इकडून म्हणाले.

"आत्ये, तू देठ खुड."

मुकादम माणूस वाईट नव्हता. त्याने रात्रभर विचार केला आणि सकाळी टोळीला सांगितलं, "बाबासोला काढायचा न्हाई. आपला मानूस हाय. पर हिथनं पुढं त्यानं फकस्त मिरची उचलायची."

"मिरचीच का?"

"आरं, गव्हाला किडा लागतो, डाळीला लागतो, धन्याला लागतो. मिरचीच्या बोरीत कधी सोंडा बघितलास? दिसभर मिरचीच्या धुराळ्यात ऱ्हायला तर त्याच्या अंगातला त्यो किडा टिकंल व्हय? आन टिकला तरी भाईर यायची हिंमत करंल व्हय?"

टोळीला पटलं. आम्हा बायकांनाही पटलं. आयुष्य मिरचीत गेलेल्या माणसांना मिरचीवर जेवढा विश्वास असतो तेवढा औषधावर नसतो. शिवाय मिरचीला हात द्यावा लागत नाही. पण हे कुणी बोललं नाही.

मग बाबासो एकटाच मिरची वाहू लागला. एरवी ती सगळ्यांत वाटून असायची, कारण दिवसभर नुसती मिरची कुणालाच सोसत नाही. आठवडाभरात त्याचे डोळे टोमॅटोसारखे झाले. मान, पाठ, कानामागची कातडी, सगळं भाजल्यासारखं. तो इतका शिंकायचा की समोरच्या गाळ्यातला गुजराती शेठ म्हणायचा, "अरे, एना माटे कोई दवा लावो," म्हणजे ह्याच्यासाठी कुणी औषध आणा. शीळ तर बंदच झाली. घशात मिरची असली की शीळ वाजत नाही.

सुभाषने आणखी पुढची गोष्ट केली. माठावरच्या पेल्याच्या कडेला तो रोज सकाळी मिरची चोळून ठेवू लागला, म्हणजे पेला स्वच्छ राहील. जो पाणी पिईल तो पुढचा तासभर ओठ चाटत फिरायचा. मुकादम बिडी ओढायला गेला की बिडीसुद्धा तिखट लागते म्हणायचा. तरी कुणी तक्रार केली नाही. जिवाच्या भीतीपुढे ओठांचं काय एवढं!

माझे डोळे सुजले म्हणून मी शिरवण्याच्या रस्त्यावर एका ट्रस्टच्या दवाखान्यात गेले. तिथे सुमेधा डॉक्टर बसायच्या, तरुण, चष्मेवाल्या, बोलायला मोकळ्या. औषध लिहून झालं तरी मी उठेना.

"आणखी काही, आजी?"

"बाई, मिरचीनं एड्सचा किडा मरतो का वो?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. आधी त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मग मी नाव न घेता सगळं सांगितलं, बोरी, माठ, पेला सगळं. त्या हसल्या, मग गंभीर झाल्या, मग परत हसू आवरेना त्यांना.

"मी येते," म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीत येते. तुम्ही माणसं जमवून ठेवा."

जमवायची वेळ आली नाही. डॉक्टर गाळ्यावर येणार हे कळल्यावर शेजारच्या दोन टोळ्याही येऊन थप्प्यांवर चढून बसल्या. सुमेधाबाई आत आल्या आणि पहिल्याच वाक्याला शिंकल्या. दुसऱ्यालाही शिंकल्या. आमच्यातल्या एकीने त्यांना तोंडाला पदर बांधायला लावलं, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं.

"मिरचीने मेले ती मीच," त्या म्हणाल्या. "विषाणूला काही झालेलं नाही. हा डोळ्याला दिसणारा किडा नाही. हा माणसाच्या रक्तात राहतो. मिरची खा, लावा, त्यात लोळा, त्याला पत्ता लागत नाही. पण बाहेर हवेत तो तग धरत नाही, आणि घामातून, थुंकीतून, पेल्यातून, ताटातून दुसऱ्याला होत नाही."

"घामातून न्हाई?" सुभाषने खात्री करून घेतली. "लई घाम असला तरी?"

"बादलीभर असला तरी."

"आन डास? डास तर रगातच पितो की."

"पितो, पण एकाचं रक्त दुसऱ्याच्या अंगात सोडत नाही. डासाच्या पोटात हा विषाणू जगत नाही. मलेरियाची गोष्ट वेगळी. तुमच्या माठाभोवती जे पाणी साचलंय ना, त्याने मलेरिया मात्र नक्की होईल."

सगळ्यांनी माठाकडे पाहिलं. त्या दिवसानंतर ते पाणी कुणी साचू दिलं नाही. एवढा तरी फायदा झालाच.

मग प्रश्नांना धार आली. न्हाव्याच्या वस्तऱ्याचं काय? पातं दर वेळी नवं घ्यायला लावा. इंजेक्शनची सुई? तीही नवी, डोळ्यासमोर उघडलेली. दाभण टोचलं तर? रक्त लागलेलं काहीही दुसऱ्याने वापरायचं नाही, सवयच लावून घ्या, मग कुणाला काय आहे हे विचारायची वेळच येणार नाही. संडासातून? नाही. मिठी मारली तर? नाही. एकाच गोधडीत झोपलं तर? नुसतं झोपलं तर नाही.

ह्या 'नुसतं'वर थप्पीवर कुजबुज झाली. मग सुभाष घसा खाकरून म्हणाला, "बाई, माझा एक गाववाला हाय."

"बरं."

"त्यो घरापासनं लांब ऱ्हातो. म्हंजी बायकू गावाकडं. तर त्यो कधीमधी... म्हंजी त्याला इचारायचं हाय."

"तुमच्या गाववाल्याला सांगा, निरोध वापरल्याशिवाय कुठेही जायचं नाही. एकदासुद्धा नाही. आणि तपासणी करून घ्यायची. नाव कुणाला कळत नाही."

त्यानंतर तासाभरात इतक्या गाववाल्यांचे इतके प्रश्न आले की साताऱ्याकडे एवढी गावं आहेत हे मला त्या दिवशी समजलं. सुमेधाबाईंनी निरोधाची पाकिटं काढून ठेवली तेव्हा सगळे पुरुष छपराचे पत्रे बघू लागले. मी उठले आणि मूठभर उचलली.

"आत्ये! तुला कशाला?" मुकादम ओरडला.

"माझा बी एक गाववाला हाय," मी म्हणाले.

हसून हसून दोघे थप्पीवरून खाली आले. नंतर पाकिटं भराभर संपली, आणि संकोच मोडण्यासाठीच तर मी उठले होते.

शेजारच्या टोळीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, ह्यो रोग आला कुठनं? अमेरिकेनं सोडला म्हनत्यात."

"अमेरिकेत तो पहिल्यांदा ओळखला गेला, सतरा-अठरा वर्षांपूर्वी. आपल्याकडे मद्रासला सापडला, त्यालाही बारा वर्षं झाली. पण शास्त्रज्ञांना वाटतं की तो त्याच्या कितीतरी आधी आफ्रिकेत माकडांच्या जातीतून माणसात आला असावा. शिकार करताना रक्त रक्ताला लागून."

"बाई, शनवारी माकडाचं वाईट बोलू नका," म्हातारा म्हणाला.

"वाईट नाही बोलत. मी एवढंच म्हणते की कुणी सोडला नाही आणि कुणाचं पाप म्हणून उगवला नाही. रोग आहे. त्याला आपलं गाव, आपली जात, आपला स्वभाव काही कळत नाही."

बाबासो तोपर्यंत मागे भिंतीला टेकून उभा होता. तो पुढे आला.

"मला गाववाला न्हाई," तो म्हणाला. "मीच हाय. बाई, बायकूला सांगायचं कसं?"

सुमेधाबाई त्याच्याकडे नीट बघत म्हणाल्या, "अजून सांगितलं नाही?"

"न्हाई. गावाकडं हाय ती, लेकीला घेऊन. गेला महिनाभर शिंकतोय नुस्ता."

"सांगा. तुमच्याकडूनच कळायला हवं. तिची तपासणी करायला लागेल. तिला नसेल तर तिला होऊ न देणं तुमच्या हातात आहे, निरोध वापरून. तिला नसेल तर लेकीचीही काळजी नाही. मुळापासून बरं करणारं औषध आज नाही, खोटं सांगणार नाही. ताब्यात ठेवणारी औषधं आहेत पण फार महाग आहेत. तरी नीट खाल्लंत, दारू टाळलीत, ताप-खोकल्याला लगेच आलात, तर वर्षानुवर्षं काम करू शकता. पोतीसुद्धा उचलू शकता."

"हात दिला तर," बाबासो म्हणाला.

सुमेधाबाईंना त्याचा अर्थ कळला नाही. आम्हा सगळ्यांना कळला. मुकादम पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला.

कुणाला असं वाटेल की एवढं सगळं ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी टोळी सुधारली. तसं नाही झालं. सुभाषने पेल्याला मिरची चोळणं सोडलं, तसं त्याने शपथेवर जाहीर केलं. मुकादम बाबासोशी दोन शब्द जास्त बोलू लागला. पण हळदीच्या पोत्यापाशी बाबासो गेला की ज्याला त्याला दुसरीकडे काम निघायचं. डोक्याला पटलेलं हातापर्यंत यायला वेळ लागतो.

बाबासो गावी जाऊन आला. येताना बायको, उज्वला, बरोबर होती. लेक, तेजश्री, आजीकडे शाळेसाठी राहिली. शिरवण्यात त्यांनी खोली घेतली. उज्वलाची तपासणी झाली आणि तिला काही निघालं नाही. तीन महिन्यांनी परत करायची असं बाईंनी बजावलं. उज्वला माझ्याकडे येऊन बसली, अर्धी टोपली देठ खुडले आणि मगच बोलली.

"आत्याबाई, मी त्यांच्याशी बोलत न्हाई."

"बोलू नगंस."

"सोडून जानार न्हाई. पर बोलत न्हाई."

"बरं केलंस. दोन्ही बी."

ती रोज त्याचा डबा घेऊन यायची. डबा पुढ्यात ठेवायची आणि तोंड फिरवून बसायची. तो जेवायचा, डबा धुऊन ठेवायचा. टोळीला त्या नवरा-बायकोच्या अबोल्यात फार रस. सुभाष म्हणायचा, "आज बघितलं त्याच्याकडं, अर्धं."

पाऊस जवळ आला तशी मिरचीची आवक आटली. एके दिवशी गाळ्यात उचलायला मिरचीची एकही बोरी नव्हती, आम्हा बायकांच्या पुढ्यात तेवढा शेवटचा ढीग उरला होता. बाहेर सांगलीच्या हळदीचा ट्रक उभा. पोती उतरवून धक्क्यावर रांगेने मांडली. टोळी कामाला लागली आणि बाबासो रिकाम्या तरटावर बसून राहिला.

उज्वला डबा घेऊन आली. तिने बघितलं. अबोला सुटला तो असा, "का बसलाय?"

"मिरची संपली."

"हळद हाय की."

बाबासोने मान खाली घातली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं सगळं, हात देणं म्हणजे काय आणि मिरची का. लपवायचं कशाला?

तिने डबा ठेवला, पदर खोचला आणि सरळ पोत्यापाशी गेली. "उठा," म्हणाली, "वाका."

"उज्वले, जड हाय. शंभर किलो हाय."

"वाका म्हनते ना!"

तो वाकला. तिने एका बाजूचे कोपरे धरले. दुसऱ्या बाजूला कुणी नव्हतं. ती टोळीकडे वळली. "मी ह्यांच्याशी भांडीन, बोलनार न्हाई, आन बोलले तर आयुष्यभर टोचून बोलंन. त्ये माझ्या घरातलं हाय. पर मी ह्या मानसाशेजारी राहायला तयार हाय आन तुम्हास्नी पोत्याला हात लावायचं भ्या वाटतंय? एवढे मोठाले गडी!"

कुणी हललं नाही. मी उठले. गुडघे माझे दुखरे, पण ऐनवेळी दगा देत नाहीत. मी दुसरे कोपरे धरले. "चल गं," म्हणाले.

आम्ही दोघींनी जोर केला. पोतं वीतभर उठलं. आणखी अर्धी वीत. मग माझ्या बाजूची शिवण टर्रकन उसवली आणि पोतं फुटलं. हळकुंडं धडाधडा धक्क्यावर ओतली आणि पिवळ्या धुळीचा लोट उठला. मी आपटून खाली बसले. उज्वला डोक्यापासून पिवळी. बाबासो वाकलेलाच, त्याच्या पाठीवर, मानेवर, केसांत हळदच हळद. हळकुंडं घरंगळत धक्क्याखाली, ट्रकखाली, शेठच्या गाळ्यात.

"आरं, माल चालला!" मुकादम ओरडला.

माल सांडला की हमाल विचार करत नाही. सगळी टोळी गुडघ्यांवर आली. सुभाष ट्रकखाली घुसला. आठ-दहा हात एकाच ढिगात, बाबासोचे, मुकादमाचे, उज्वलाचे, कुणाचा कुठला ओळखू येईना, सगळे पिवळे. सुभाष पोतं शिवायला बसला आणि दाभण स्वतःच्याच बोटात टोचून घेतलं.

बाबासो ओरडला, "दाभन पूस आधी. बोट धू. आन पुढचं कुनी शिवलं तर दुसरं दाभन घ्या, बाईंनी काय सांगितलंय!"

"आयला," सुभाष बोट चोखत म्हणाला, "आता तू मला जपतूस व्हय रं?"

आणि बाबासोकडे बघून तो हसायलाच लागला. "मुकादम, बघा की. नवरा-नवरी दोघं बी हळदीचं. परत लगीन लावायचं का?"

"माझ्या मनात न्हाई," उज्वला म्हणाली. "अजून दोन म्हैनं मी बोलनार न्हाई." पण हे ती बाबासोकडे बघून म्हणाली, पूर्ण.

पोतं शिवून झालं. बाबासो वाकला. मुकादमाने एका बाजूला हात घातला. दुसऱ्या बाजूला कोण, म्हणून सगळे थांबले. सुभाषने बोटाला चिंधी गुंडाळली आणि कोपरे धरले. "हं... घे!" पोतं पाठीवर गेलं. बाबासो चार पावलं गप्प चालला. मग गाळ्याच्या आतून शीळ ऐकू आली. जरा चिरकी, पण तीच.

बाहेर आल्यावर त्याने माठातलं पाणी घेतलं, प्यायला, आणि पेला सुभाषपुढे धरला. सुभाषने क्षणभर पेल्याकडे बघितलं, मग तोंडाला लावून गटागटा रिकामा केला. आणि मग ओठ धरून नाचायला लागला.

"आरं, ही मिरची कुनी चोळली? मी तर कवाच सोडलं!"

बाबासोचेही ओठ झोंबत होते, पण त्याला मिरचीची सवय होती, तो नुसता हसत होता.

मी मिरचीची बोटं हळूच पदराला पुसली आणि खाली बघून देठ खुडत राहिले.